आवाज वगळून

बहिऱ्या मुलांची शाळा शांत असते असं ज्याला वाटतं, त्याने मधल्या सुट्टीत तिथल्या जिन्यात पाच मिनिटं उभं राहून दाखवावं. बाकं ओढली जातात ती फरशीची सालं निघेपर्यंत. दारं आपटतात ती बिजागऱ्या खिळखिळ्या होईपर्यंत. धावताना पोरं घशातून जे काही काढतात त्याचं त्यांना काही सोयरसुतक नसतं. या सगळ्याचा त्रास होणारी माणसं मोजून चौदा: शिक्षक, शिपाई, हेडसर, आणि पहिल्या मजल्याच्या टोकाला, कपाटाएवढ्या खोलीत बसणारी संगणकबाई.

पोरांनी तिला हातवाऱ्यांच्या भाषेत नाव ठेवलं होतं: भुवया जवळ आणायच्या, ओठ घट्ट मिटायचे आणि हवेत दहा बोटांनी टकटक करायची. इतकं हुबेहूब की तिने एकदा स्वतःच आरशासमोर करून बघितलं आणि मग दिवसभर भुवया लांब ठेवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

तिचं काम होतं शाळेचे व्हिडिओ सांभाळणं. वीस-बावीस वर्षांचे धडे, कॅमेऱ्यासमोर उभं राहून हातांनी आणि ओठांनी शिकवलेले. जुन्या कॅसेटींवरून ते सर्व्हरवर चढवले होते आणि कॅसेटी केव्हाच भंगारात गेल्या होत्या. आधी ती एकेक फाइल उघडायची, बटण दाबायची, थांबायची, बंद करायची, पुढची उघडायची. अशा शंभर फाइली झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हे काम गाढवाचं आहे आणि गाढव आपण आहोत. मग ती स्क्रिप्ट लिहायला शिकली. कुणी शिकवलं नाही. मदतीची पानं छापून घेतली, पेन्सिलीने खुणा केल्या, आणि दोन वर्षांत तिला यंत्राशी चार ओळींत बोलता यायला लागलं: या फोल्डरमधली प्रत्येक फाइल घे, तिचं असं असं कर, झालं की पुढची घे. एंटर दाबलं की पडद्यावर ओळी सरकायला लागायच्या आणि ती हात मांडीवर ठेवून म्हणायची, "चल गं बाई, लाग कामाला." शाळेत तिचं इतक्या निमूटपणे ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्या धड्यांमधले दोनशे चौदा धडे तिच्या आईचे होते.

आई याच शाळेत सत्तावीस वर्षं शिकवत होती. तिचं पोरांनी ठेवलेलं नाव सोपं होतं: हनुवटीवर बोट टेकवायचं, जिथे तिला तीळ होता तिथे. हातांनी सांगताना ती प्रत्येक शब्द तोंडानेही म्हणायची, ठणठणीत, कारण पोरं ओठ वाचतात आणि पुटपुटलेले ओठ वाचता येत नाहीत. निवृत्त झाल्यावर वर्षभरात तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली आणि तिच्यासोबत आवाजही काढला. पुढची चार वर्षं ती घरात हातांनी बोलली. मुलीला सगळं कळायचं. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या दादाला फोनच्या पडद्यावर निम्मं कळायचं. बाबांना काहीच कळायचं नाही.

बाबा बस डेपोत कंट्रोलर होते. एकतीस वर्षं काचेच्या खोलीतून भोंग्यावर सूचना देऊन त्यांची जीभ तशीच वळली होती. घरातही ते बोलायचे नाहीत, जाहीर करायचे. "लक्ष द्या. आंघोळीचं पाणी तापलेलं आहे. ज्यांना जायचं आहे त्यांनी त्वरित जावं." आई हातांनी काही सांगायला लागली की ते खिशातून पेन काढायचे. "लिहून द्यावं. तोंडी तक्रार घेतली जाणार नाही." आधी आई लिहून द्यायची. मग लिहिणं कमी झालं, आणि मग पेन खिशातच राहिलं.

ती गेली त्याला दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत बाबांनी मुलीकडे एकच गोष्ट मागितली होती.

"तुझ्या त्या मशीनमध्ये तिचा आवाज आहे ना?"

"आहे, बाबा."

"मग आणत का नाहीस? चार वर्षं मी तो ऐकला नाही, आणि आता ही दोन."

"आणते. त्यात शाळेतली मुलं दिसतात, ते व्हिडिओ बाहेर न्यायचे नाहीत असा नियम आहे. आईपुरतं कापायला हवं. एकदा नीट बसते."

"गाडी सुटण्याची नक्की वेळ सांगण्यात यावी."

"लवकरच, बाबा."

घरात तो आवाज दुसरा कुठे नव्हता. तो होता तेव्हा घरातले फोन साधे होते, आणि फोन हुशार झाले तोवर तो गेला होता. हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर आई गेली त्याच आठवड्यात तिने सर्व्हरवर स्वतःच्या जागेत 'आई' नावाचं फोल्डर करून ठेवलं होतं. अधूनमधून ते उघडायची, एखादा धडा अर्धा मिनिट ऐकायची आणि बंद करायची. नीट बसणं काही व्हायचं नाही. त्याला कारण नियम नव्हता. कापायचं म्हणजे दोनशे चौदा वेळा आईकडे बघायचं, आणि कुठे तोडायचं ते आपण ठरवायचं. हे काम चार ओळींत होणारं नव्हतं.

मग सर्व्हर भरला.

हेडसरांनी मीटिंग बोलावली. हेडसर प्रत्येक वाक्य दोनदा सुरू करायचे आणि संपवताना समोरच्याकडून पावती घ्यायचे. "म्हणजे कसंय, म्हणजे कसंय की जागा संपलेली आहे, बरोबर? आणि नवी डिस्क, नवी डिस्क काही येणार नाही, बरोबर? तर जुने धडे टाकून द्यायचे का, असा एक, असा एक विचार आहे."

"टाकायला कशाला हवेत, सर?" संगणकबाई म्हणाली. "लहान करता येतील. मी स्क्रिप्ट लिहिते. सगळ्या फोल्डरांवर एकदाच चालवायची. आकार निम्म्याच्या खाली येईल."

"निम्म्याच्या? म्हणजे चांगलंच की. अजून, अजून काही कमी होईल का?"

तिथे ती गप्प बसली असती तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण अकरा वर्षांत मीटिंगमध्ये तिच्याकडे सगळ्यांनी वळून बघण्याची ही पहिलीच वेळ, आणि तिच्या जिभेवर एक वाक्य येऊन बसलं होतं.

"आवाज काढून टाकू," ती म्हणाली. "नाहीतरी इथे ऐकतंय कोण?"

टेबलाभोवती हशा पिकला. गणिताच्या बाईंना ठसका लागला. चित्रकलासर टेबलावर हात मारून म्हणाले, "अहो, ही बोलते की!" हेडसरही हसले, दोनदा. कानाला यंत्र लावून थोडंफार ऐकू येणाऱ्या मुलांचे नवे धडे वेगळ्या डिस्कवर होते, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती. शिपायाने चहा आणला तोवर हे वाक्य खालच्या मजल्यावर पोचलं होतं. ती खोलीत परत आली तेव्हा तिचे कान गरम झाले होते आणि तिला ते आवडत होतं.

स्क्रिप्ट तिने आठ दिवस लिहिली. उतावळेपणा तिच्या रक्तात नव्हता. प्रत्येक फाइल घ्यायची, तिची लहान, बिनआवाजाची प्रत बनवायची. प्रत नीट बनली तरच मूळ फाइल पुसायची आणि प्रतीला तेच नाव द्यायचं. बनली नाही तर मूळ फाइलीला हात लावायचा नाही, नोंदवहीत तिचं नाव लिहायचं आणि पुढे जायचं. आधी तीन फाइलींवर चालवून पाहिली, मग तीस. हेडसर दारातून विचारून गेले, "म्हणजे होतंय ना, होतंय ना? बरोबर?"

शनिवारी दुपारी, एंटर दाबण्याआधी, तिने 'आई' फोल्डर तपासलं. ते तिच्या जागेत होतं, शाळेच्या धड्यांपासून लांब, आणि स्क्रिप्ट तिथे जाणार नव्हती. एक फाइल उघडली. आई कपाळावरचा केस मागे सारत म्हणाली, "बघा इकडे. पान. झाडाचं पान." खणखणीत. तिने फाइल बंद केली आणि एंटर दाबलं.

"चल गं बाई."

सोमवारी सकाळी काम संपलं होतं. तीन हजार एकशे सतरा फाइली लहान झाल्या, एक झाली नाही. सर्व्हरवर इतकी जागा दिसायला लागली की हेडसर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पडद्याकडे रिकाम्या प्लॉटकडे बघावं तसे बघत राहिले. मग तिथूनच विश्वस्तांना फोन लावला. "हो, हो, आपण केलं. आपणच केलं. म्हणजे कसंय, थोडं डोकं, थोडं डोकं लावावं लागतं."

ती हसून मान खाली घालून बसली. आता जागा होती. आता नीट बसायचं. तिने दार लोटलं, 'आई' फोल्डर उघडलं आणि पहिली फाइल लावली.

आईचे ओठ हलले. पान. झाडाचं पान.

तिने स्पीकरचं बटण फिरवलं. स्पीकरची वायर काढून पुन्हा खुपसली. दुसरी फाइल लावली. दहावी, साठावी. आई सगळीकडे तोंड भरून बोलत होती आणि खोलीत फक्त पंखा ऐकू येत होता.

मग तिने ती कमांड दिली जी दोन दिवस आधी द्यायला हवी होती: या फोल्डरचं सगळं वर्णन दाखव. पडद्यावर 'आई' या शब्दापुढे एक छोटा बाण होता आणि बाणापुढे शाळेच्या धड्यांचा पत्ता.

दोन वर्षांपूर्वीसुद्धा सर्व्हर भरत आला होता. दोनशे चौदा फाइलींची दुसरी प्रत ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिने प्रत केलीच नव्हती. नुसती लिंक केली होती. लिंक म्हणजे रस्त्यावरची पाटी, 'घर तिकडे आहे' एवढंच सांगणारी. पाटीवरून रोज घरात जाऊन आलं की माणसाला पाटीच घर वाटायला लागते. शनिवारी तिने पाटी तपासली, पाटीने घर दाखवलं, घरात आई होती, आणि मग तिने ते घर स्वतःच्या हाताने उलथं केलं.

बॅकअप होतं. पण ते रोज पहाटे सर्व्हरची हुबेहूब नक्कल करायचं आणि रविवार-सोमवारच्या पहाटे त्याने इमानेइतबारे केली होती. पुसलेल्या फाइली परत काढण्याचा प्रोग्राम तिने तीन दिवस चालवला. पुसलेल्या जागेवर स्क्रिप्टने लगोलग नव्या फाइली लिहिल्या होत्या, त्यामुळे हाती आले ते तुकडे, आणि एकाही तुकड्यात आवाज नव्हता. मध्येच तिने हिशेब करून पाहिला: आवाज वगळल्यामुळे एकूण वाचलेली जागा होती शंभरात चार भाग. त्या चार भागांची कुणालाच गरज नव्हती. ते फक्त एका हशासाठी गेले होते.

दादाला फोन केला. दादा म्हणाला, "मी काय म्हणतो, ते कचऱ्याच्या डब्यात बघितलंस का? पडद्यावर डबा असतो ना?"

"दादा, स्क्रिप्टने पुसलेलं डब्यात जात नाही."

"मग असलं कशाला वापरायचं, मी काय म्हणतो! आणि दोन वर्षं काय करत होतीस? पेनड्राइव्हवर टाकायला किती वेळ लागतो?"

"तू आला असतास तर तुला दिला असता."

"आता माझ्यावर ढकल. बाबांना सांगितलंस?"

तिने फोन ठेवला.

त्या संध्याकाळी तिने नियम मोडला. लॅपटॉपवर एक धडा घरी नेला आणि जेवायच्या टेबलावर ठेवला. बाबा चष्मा पुसून, शर्टाचं बटण लावून, गाडीत जागा पकडावी तसे सरसावून बसले. पडद्यावर आई आली. हनुवटीवरचा तीळ, हातात पान.

"आवाज मोठा करण्यात यावा."

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे थोडा सरकवला.

"आवाज, आवाज!"

"आई म्हणतेय," ती घाईने म्हणाली, आईच्या हातांवर डोळे ठेवून, "बघा इकडे. पान. झाडाचं पान. पानाला देठ असतो. देठ कुठे असतो? तू सांग. शाबास."

ती सांगत गेली. आईचे हात थांबले की थांबायची, हलले की बोलायची. एकही शब्द चुकत नव्हता.

"तू नको बोलूस," बाबा म्हणाले. भोंगा नव्हता त्या बोलण्यात. "तिला बोलू दे."

मग तिने सांगितलं. लिंक, स्क्रिप्ट, बॅकअप, सगळं.

"म्हणजे मशीनने पुसलं."

"मशीनला मी सांगितलं होतं."

"किती वेळ लागला त्याला?"

"एका फाइलीला पाऊण मिनिट."

बाबांनी मान हलवली, जशी कुठली तरी बस उशिराने आल्यावर हलवतात, आणि उठून आत गेले. पडद्यावर आई अजून देठ दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी तिला नोंदवहीतली ती एक ओळ आठवली. तीन हजार एकशे सतरा झाल्या, एक झाली नाही. तिने ओळ शोधली. आईच्याच फोल्डरमधली फाइल. कॅसेटचं शेवटचं टोक वेगळ्या फाइलीत उतरलं होतं; ते चुरगळलेलं असावं, फाइल अर्ध्यातच तुटत होती, म्हणून प्रत बनली नव्हती, आणि प्रत बनली नाही म्हणून स्क्रिप्टने मूळ फाइलीला हात लावला नव्हता. तिने ती आधी तीन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवली, खरीखुरी प्रत, प्रत्येकीचा आकार तपासून. मग ऐकली.

चाळीस सेकंद. धडा संपला होता, पोरं वर्गातून गेली होती, कॅमेरा चुकून चालू राहिला होता. कॅमेऱ्यामागून चित्रकलासरांनी काहीतरी विचारलं आणि आई फळा पुसता पुसता बोलली.

"घाई कसली हो? घरी जाऊन कुणाशी बोलू? इथे या पोरांना ऐकू येत नाही तरी माझ्या तोंडाकडे टक लावून बसतात. आमच्याकडे दोन्ही कान शाबूत असलेला माणूस आहे. वीस वर्षांत मी काय बोलले त्यातलं एक वाक्य विचारा त्याला, सांगता आलं तर मी नोकरी सोडते. स्वतःचा भोंगा तेवढा चालू. मेली पोरगी तरी..."

तिथे चित्र चौकोनांत फुटलं आणि फाइल संपली.

पोरगी तरी काय, ते चुरगळलेल्या टोकात गेलं होतं. ऐकते, की पोरगीही तशीच? तिने ती जागा इतक्या वेळा ऐकली की शेवटी 'तरी' हा शब्द नुसता आवाज होऊन राहिला.

लपवायचं म्हटलं तर सोपं होतं. घरी नेलं तर नियमही मोडत नव्हता, कारण चित्रात एकही मूल नव्हतं. घरी जाताना ती स्टॉपवर दोन बस सोडून उभी राहिली. हा आवाज दिला तर असा द्यायचा? आणि नाही दिला तर आपण तो दुसऱ्यांदा पुसल्यासारखंच. तिसऱ्या बसमध्ये ती चढली.

"बाबा, एक सापडलं. चाळीस सेकंद आहे. पण त्यात आई तुमच्याबद्दल बोलतेय. चांगलं नाही बोलत."

"लाव."

तिने लावलं. पहिल्याच शब्दाला बाबांची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट झाली. पूर्ण होईस्तोवर ते हलले नाहीत.

"पुन्हा."

तिने पुन्हा लावलं. दुसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले. भोंगा हा शब्द आला तेव्हा त्यांची हनुवटी थोडी वर गेली, कुणी हाक मारल्यासारखी.

फाइल संपल्यावर ते म्हणाले, "ही ती नव्हे."

"बाबा, आईच आहे. दिसतेय की."

"तोंड फळ्याकडे आहे. दुसरी कुणीतरी असेल, तुमच्या शाळेतली. बायकांना काय, सगळ्यांच्या घरचं सारखंच असतं." त्यांनी चष्मा काढला, घडी घातली, केसमध्ये ठेवला. "तिचा आवाज मला माहीत आहे. असा नव्हता तिचा आवाज."

"मग कसा होता?"

बाबांनी तोंड उघडलं. सांगायला काहीतरी शोधलं. मग मिटलं.

"तू शोध," ते म्हणाले. "नीट बसून शोध. एवढ्या फाइली होत्या, एखादी तरी राहिली असेल."

सोमवारी हेडसरांनी तिला बोलावून सांगितलं की विश्वस्त खूश आहेत आणि त्यांच्या दुसऱ्या शाळेचा सर्व्हरही, म्हणजे कसंय, भरलेला आहे, बरोबर? तर तीच स्क्रिप्ट, तीच स्क्रिप्ट तिथे चालवून टाकायची. ती खोलीत आली, स्क्रिप्ट उघडली आणि आवाज वगळणारा शब्द तेवढा खोडला. शंभरात चार भाग जास्त लागतील, कुणी विचारलं तर सांगता येईल. कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी ती दारात चपला काढत होती तेव्हा आतून विचारणा झाली.

"सापडला का?"

"अजून नाही, बाबा," ती म्हणाली.